पोस्टिंग देवळालीची, घर कुठे करायचं?

पत्र असं आहे :

'ताई, माझे मिस्टर तोफखान्यात हवालदार आहेत, २२ वर्षं सर्व्हिस झाली. सध्या आम्ही झाशीजवळ बबिनाला क्वार्टरमध्ये राहतो. आता देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीची पोस्टिंग आली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. तिथून पुढे बहुधा पेन्शनच. मुलगी यंदा नववीत गेली, मुलगा दुसरीत, दोघंही केंद्रीय विद्यालयात. मुलाला पावसाळ्यात धाप लागते. देवळालीला क्वार्टरसाठी सहा-आठ महिने वेटिंग आहे असं तिथली मैत्रीण सांगते. दलालाने विहितगावला टू बीएचके १२ हजार भाड्याने दाखवलाय. सासूबाई सिन्नरपलीकडे गावी एकट्या असतात, त्या म्हणतात, घर असताना भाडं कशाला? नणंदेचे यजमान म्हणतात, सिंहस्थाआधी पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक करा, नंतर हाती लागणार नाही. त्यांच्या ओळखीचा बिल्डर दोन लाख टोकन मागतोय. मिस्टर म्हणतात, तू ठरवशील तसं. माझं एम.ए., बी.एड. १२ वर्षं ट्रंकेत पडलंय, त्याबद्दल कुणी विचारत नाही. मी काय ठरवू?'

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. मी फौजीचीच बायको. २६ वर्षांत ११ घरं लावली आणि मोडली, आणि आता नाशिकरोडला कायमचा मुक्काम केलाय. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात चार घरं आहेत आणि प्रत्येक घराच्या दारात कुणी ना कुणी उभं आहे: मैत्रीण, दलाल, सासूबाई, नणंदेचे यजमान. तू स्वतः फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत दिसतेस, त्या ट्रंकेतल्या बी.एड.पाशी. मी तुझ्यापासूनच सुरुवात करणार आहे.

एक साधा मंगळवार डोळ्यांसमोर आण. ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलीय. मिस्टर एक्सरसाइजला, म्हणजे लष्करी सरावाला गेलेत, आठवडाभर फोन लागेल न लागेल. सकाळी साडेसहाला मुलीची वेणी, मुलाचा डबा, दोघांना शाळेत पोचवायचं. दुपारी शाळेतून फोन येतो की मुलाला धाप लागलीय, न्यायला या. तू किती मिनिटांत पोचशील? तिथून त्याला एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला नेशील कशी, रिक्षाने की पायी? तेवढ्या वेळात मुलगी घरी आली तर किल्ली कुणाकडे असेल? ज्या घरातून हा मंगळवार तुला एकटीला निभावता येईल, ते घर तुझं. मिस्टर घरी असतात त्या दिवशी कुठलंही घर चालतं. फौजीच्या घराची परीक्षा ते नसतात त्या दिवशी होते, आणि असे दिवस किती असतात हे तुला मी सांगायला नको.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते, कारणं मागून. पहिलं वर्ष शाळा आणि एमएच दोन्ही जवळ पडतील असं भाड्याचं घर घे. क्वार्टरच्या लिस्टमध्ये नाव पहिल्या दिवशी लाव. गावचं घर शनिवार-रविवारचं आणि सणावाराचं ठेव. आणि फ्लॅटचं टोकन आत्ता अजिबात देऊ नकोस.

आधी नाशिकचा नकाशा जरा समजून घे, कारण दलालाने तुला उद्या इंदिरानगर नाहीतर पंचवटी दाखवली तर बबिनात बसून तुला कळायचं नाही. 'नाशिकला पोस्टिंग' म्हणताना फौजी लोक चार वेगवेगळ्या जागा सांगत असतात. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीत. आर्टिलरी सेंटर नाशिकरोड कॅम्पला. आर्मी एव्हिएशनची ट्रेनिंग स्कूल गांधीनगरला. आणि वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपो थेट ओझरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सेंटरवाल्यांना उपनगर आणि जेलरोड सोयीचं. तुमच्यासाठी पट्टा म्हणजे लॅम रोड, नाशिकरोडहून विहितगावमार्गे देवळाली कॅम्पपर्यंतचा. कॅम्पच्या पुढे भगूर. भगूरला भाडं जरा कमी पडतं, गाव जुनं आणि माणसांचं आहे, बाजार हाताशी आहे.

दारणा नदीच्या बाजूला आणि वडनेर दुमाल्याकडे मळ्यांत स्वस्त बंगली मिळते, झाडं असतात, हवा छान. तिकडे दोन लेकरांना घेऊन एकटीने राहू नकोस. त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि हे मी भीती घालायला सांगत नाही. संध्याकाळी मुलं अंगणात खेळायची असतील तर वस्तीतलं, दिव्याखालचं घर बघ.

आता मुलीची शाळा, कारण या सगळ्यात घाई फक्त तिचीच आहे. नववीत सीबीएसईचं रजिस्ट्रेशन होतं आणि दहावीत थेट प्रवेश बदलीसारख्या ठरावीक कारणांशिवाय मिळत नाही. म्हणजे ही दोन वर्षं तिची एका शाळेत, एका बाकावर गेली पाहिजेत. जूनमध्ये येताय हे त्या दृष्टीने फार बरं झालं. केंद्रीय विद्यालयाची टीसी आणि मिस्टरांच्या बदलीचा कागद हातात असला की दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात जाणं सगळ्यात सरळ. देवळालीला आहे, नाशिकरोडला नेहरूनगरात आहे. देवळालीला आर्मी पब्लिक स्कूलही आहे. सुट्टी लागण्याआधी बबिनाच्या शाळेत टीसीचा अर्ज देऊन ठेव, आणि देवळालीच्या शाळेला आत्ताच फोन करून नववीच्या आणि दुसरीच्या वर्गाची स्थिती विचार. घर कुठलं घ्यायचं ते शाळा नक्की झाल्यावर ठरव. पुष्कळ बायका उलट करतात. घर आधी पक्कं होतं आणि मग लेकरू रोज दोन तास बसमध्ये.

आता आकडे, कारण सासूबाईंचं 'भाडं कशाला?' याला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागेल. क्वार्टर मिळालं नाही तर घरभाडे भत्ता मिळतो. जुनी माणसं त्याला अजून सीआयएलक्यू म्हणतात. नाशिक वाय वर्गातलं शहर आहे आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून वाय शहराचा दर मूळ वेतनाच्या २० टक्के आहे. हवालदाराची वेतनाची लेव्हल ५. समज, मिस्टरांचं मूळ वेतन ४०,४०० आहे, तर भत्ता ८,०८०. भाडं १२,०००. म्हणजे खिशातून महिन्याला ३,९२०. आठ महिने क्वार्टर मिळालं नाही असं धरलं तरी साधारण ३१ हजार. योगायोग बघ, बदलीच्या वेळी जी कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते ती मूळ वेतनाच्या ८० टक्के, म्हणजे याच वेतनावर ३२,३२०. मुलीची नववी आणि मुलाचा पावसाळा नीट जाण्यासाठी ती रक्कम खर्ची पडली तर मला ती उधळपट्टी वाटत नाही. सामान नेण्याचे पैसे वेगळे मिळतात. लेव्हल ५ ला ३,००० किलोपर्यंत सामानाची मुभा आहे. ट्रकवाल्याची पक्की पावती, वजनाची चिठ्ठी, सगळं जपून ठेव, नाहीतर क्लेम परत येतो आणि मग क्लार्ककडे खेटे घालावे लागतात.

भत्ता आपोआप सुरू होत नाही. हजर झाल्याबरोबर मिस्टरांनी क्वार्टरसाठी अर्ज करायचा, स्टेशन हेडक्वार्टरकडून क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश, निघाली का ते स्वतः बघायचं. 'होईल' म्हणून सोडून दिलेली पार्ट टू ऑर्डर सहा महिने होत नाही, हे आमच्या घरी दोनदा घडलंय. क्वार्टर लागलं आणि नाकारलं तर भत्त्यावर आणि नंबरावर काय परिणाम होतो, तेही मिस्टरांना पहिल्याच दिवशी विचारायला सांग. बबिनाचं क्वार्टर घाईने सोडायचीही गरज नाही. बदलीनंतर ते काही काळ ठेवता येतं, मुलांच्या शाळेचं कारण देऊन अर्ज करता येतो. किती दिवस ते तिथल्या स्टेशन हेडक्वार्टरला विचारून लेखी घे. मुदत उलटली की जबर भाडं लागतं.

भाड्याच्या घराचा करार. इथे मी जरा थांबणार आहे, कारण फौजी माणसाच्या करारात एक वाक्य जास्तीचं लागतं आणि ते दलाल कधीच घालत नाही. वाक्य असं: सरकारी निवासस्थान मिळाल्यास किंवा बदली झाल्यास भाडेकरू एक महिन्याची सूचना देऊन घर सोडू शकेल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल. मुदतीआधी घर सोडता येणार नाही असा लॉक-इन सहा महिन्यांचा किंवा ११ महिन्यांचा कुणी टाकू पाहील, तो मान्य करू नकोस. क्वार्टर चौथ्या महिन्यात लागलं आणि लॉक-इन असला तर भत्ता बंद होईल आणि भाडं मात्र चालू राहील. बहुतेक मालक हे वाक्य घालायला तयार होतात. लॅम रोडवर वर्षानुवर्षं फौजी भाडेकरू राहत आलेत, त्यांना हे नवीन नाही. जो मालक तयार होत नाही, त्याचं घर कितीही चांगलं असलं तरी पुढे चल.

आणि करार रजिस्टर झालाच पाहिजे. '११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' असं तुला सांगतील. महाराष्ट्रात तसं नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत किती का असेना, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. हे आता ऑनलाइन घरबसल्या होतं, अंगठा आणि फोटो घ्यायला माणूस घरी येतो. भत्त्यासाठीही हा कागद लागेल. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही त्याच वेळी उरकून घे.

घर बघायला कोण जाणार? तुम्ही दोघं बबिनाला. दलाल व्हिडिओ पाठवेल. व्हिडिओत सगळी घरं मोठी आणि कोरडी दिसतात. देवळालीची हवा चांगली, पूर्वी लोक छाती सुधारायला इथल्या सॅनेटोरियममध्ये येऊन राहायचे, हे खरं. पण पावसाळा इगतपुरीकडून येतो आणि पश्चिमेच्या भिंती भिजवतो. मी भाड्याचं घर बघायला गेले की आधी पश्चिमेची भिंत शोधते. तिथे कपाट किंवा पलंगाची पाठ लावलेली असली तर ती सरकवायला सांगते आणि जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा दाबून ठेवते. कोरडी भिंत मे महिन्यात कोमट लागते. ओल धरलेली भिंत आतून गार लागते आणि हात काढला की तळव्याला पांढरी भुकटी लागलेली असते. मे महिन्यात ताजा डिस्टेंपर मारलेली एकच भिंत दिसली तर समजायचं, खाली काहीतरी झाकलंय. तुझ्या मुलाला धाप लागते, म्हणून हे मी सगळ्यात वरचं मानते, टाइल्स आणि मॉड्युलर किचनच्याही वर. पहिला मजला घे. तळमजला नको, वरची गच्ची लागूनही नको. विहितगावला घर घेशील तर वालदेवी नदी किती लांब आहे तेही विचार. पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं ते मालक सांगणार नाही, पण खालचा किराणावाला सांगेल.

तोफांचा आवाज येतो हे तुला सांगायला नको, बबिनालाही रेंज आहे. काचा हलतात, दोन दिवसांत मुलांच्या लक्षातही येत नाही.

आता सासूबाई. इथे मला फार जपून बोलावंसं वाटतं. त्या 'भाडं कशाला' म्हणतात तेव्हा त्यांना भाड्याचं दुःख नाही. २२ वर्षांनी मुलगा आपल्या जिल्ह्यात येतोय आणि तरीही तो आपल्या घरी राहणार नाही, याचं ते दुःख आहे. त्यांनी ही २२ वर्षं पोस्टमनची आणि फोनची वाट पाहून काढलीत. आणि तरीही सिन्नरपलीकडून देवळालीला रोज शाळेसाठी ये-जा म्हणजे जाताना तासावर आणि येताना तासावर, तेही घाट उतरून हायवेवरून. नववीतल्या मुलीला ते झेपणार नाही, आणि तुझा तो मंगळवार गावातून निभावणार नाही.

हे त्यांना तू सांगू नकोस. मिस्टरांनी सांगायचं, आणि फोनवर नाही, गावी जाऊन, त्यांच्यासमोर बसून. 'तू ठरवशील तसं' हे ऐकायला प्रेमाचं वाटतं, पण त्यात नाही म्हणण्याचं ओझं तुझ्या डोक्यावर येतं. घर तू निवड, पण आईला सांगण्याचं काम त्यांचं आहे, एवढं त्यांना स्पष्ट सांग. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. नुसतं 'येऊ अधूनमधून' याने त्यांचं समाधान होणार नाही. कुठले शनिवार गावी, दिवाळी गावी, कांदा काढणीला मिस्टरांची रजा, आणि पावसाळ्याचे दोन महिने त्या देवळालीला तुमच्याकडे, असं ठरवून जा. त्या मिस्टरांच्या आश्रित म्हणून नोंदलेल्या असतील तर त्यांच्या गुडघ्यांचे, डोळ्यांचे उपचार देवळालीच्या एमएचमध्ये होतील. नोंद नसेल तर ते काम याच बदलीत करून घ्या. शिवाय आजी घरी असली की तुझ्या मंगळवारच्या किल्लीचा प्रश्नही सुटतो.

फ्लॅटबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे, कारण इथे आम्ही पोळलोय.

आम्ही जम्मूला होतो. एका नातेवाइकाने सांगितलं, नाशिकला स्कीम येतेय, फौजींना सवलत आहे, आत्ता दिले तर दर फुटामागे इतके वाचतील. आमच्या ह्यांनी फंडातून पैसे काढले, मी माझ्या दोन बांगड्या मोडल्या आणि आम्ही ब्रोशरवरच्या चित्राला पैसे दिले. चित्रात समोर बाग होती. दोन वर्षांनी सुट्टीत आलो तेव्हा तिथे चार खांब उभे होते आणि त्यांच्या सळया गंजून लाल झाल्या होत्या. बागेच्या जागी नाला होता. मुलगी माझं बोट धरून विचारत होती, आई, आपली खोली कुठली? ताबा मिळायला आणखी पाच वर्षं लागली. त्या सात वर्षांतली बरीचशी हप्ता आणि घरभाडं दोन्ही भरण्यात गेली. त्या बिल्डरला मी दोष देते, पण नातेवाइकाचा शब्द मोडवत नाही म्हणून आम्ही जागा न बघता सही केली, तो दोष आमचा होता. तुझ्या नणंदेच्या यजमानांचा हेतू चांगलाच असेल. आमच्या नातेवाइकाचाही चांगलाच होता.

तेव्हा महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, नव्हतं, आता आहे, २०१७ पासून. त्या बिल्डरला प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक विचार आणि महारेराच्या वेबसाइटवर तो टाकून बघ. ताबा कधी द्यायचा ठरलाय, मुदतवाढ घेतलीय का, जमिनीवर खटला आहे का, सगळं तिथे दिसतं. ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते त्याची ती झाल्याशिवाय जाहिरात आणि बुकिंग करता येत नाही, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हे दोन नियम नुसते बोलून दाखवलेस तरी समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळेल.

नाशिकमध्ये फौजीने घर घेताना तीन गोष्टी वेगळ्या बघायच्या. देवळाली कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या पुष्कळ जागा लीजच्या किंवा ओल्ड ग्रँटच्या असतात, म्हणजे बांधकाम विकणाऱ्याचं आणि जमीन सरकारची. जुना टुमदार बंगला स्वस्तात दिसला की आधी जनरल लँड रजिस्टरमधला, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या जमिनींच्या नोंदवहीतला उतारा मागायचा. दुसरं, लष्करी हद्दीला लागून बांधकामावर निर्बंध असतात आणि ना-हरकत दाखला लागतो. नाशिकमध्ये लष्करी हद्द ठिकठिकाणी वस्तीला भिडलेली आहे, तेव्हा बांधकाम परवानगीबरोबर हा दाखलाही डोळ्यांनी बघायचा. तिसरं, पूररेषा. २००८ च्या गोदावरीच्या महापुरानंतर इथे निळी आणि लाल रेषा हे शब्द घराघरात माहीत झाले. पाथर्डीकडून येणारी वालदेवी पावसाळ्यात कशी फुगते ते एकदा पावसाळ्यातच जाऊन बघ.

आणि याच कारणासाठी माझं म्हणणं आहे की एक पावसाळा इथे राहून मग घर घ्या. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्याआधी रस्ते खणलेले, भाव सांगायला प्रत्येकाच्या तोंडी सिंहस्थ. गर्दी ओसरल्यावरही नाशिक इथेच असेल आणि फ्लॅटही असतील. तोवर मिस्टरांच्या पेन्शनचा हिशेब स्पष्ट होईल, आणि पुढे गावी राहायचं, नाशिकला की मुलीच्या कॉलेजसाठी आणखी कुठे, हेही. घ्यायची वेळ येईल तेव्हा आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाचं घरकर्ज आणि प्रॉव्हिडंट फंडातून काढता येणारी रक्कम, दोन्हींची चौकशी बँकेच्या आधी करा. पेन्शनीला किती महिने उरलेत यावर कर्ज किती मिळेल ते ठरतं, म्हणून अगदी शेवटच्या वर्षापर्यंतही थांबू नका. दस्त तुझ्या नावावर केलात तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे मी पैशासाठी सांगतेय, आणि तुझ्या नावाची पाटी दारावर असावी म्हणूनही सांगतेय. माजी सैनिकाला राज्यात एका राहत्या घराच्या मालमत्ता करातूनही सूट मिळते, त्याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल.

क्वार्टरचं काय? लागलं की घे. आवाराला कुंपण, फाटकावर पहारा, शेजारी सगळ्या तुझ्यासारख्याच. मिस्टर बाहेर असताना क्वार्टरसारखी झोप भाड्याच्या घरात लागत नाही. फक्त मार्च-इनच्या, म्हणजे क्वार्टरचा ताबा घेण्याच्या दिवशी एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याच्या) यादीवर न बघता सही करू नकोस. पंखे मोज, नळ सोडून बघ, फुटकी काच, लोंबकळणारी कडी जागच्या जागी लिहून घे. नाहीतर मार्च-आउटला ते पैसे तुमच्याकडून कापले जातात. आणि क्वार्टर मुलीच्या दहावीच्या ऐन परीक्षेत लागलं तर सामान हलवायला थोडी मुदत मागा, कारण लेखी द्या.

आता ती ट्रंक.

आमच्याही घरी एक काळी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात ह्यांचं नाव, नंबर, युनिट आणि खाली स्टेशन. दर बदलीला स्टेशनवर काळ्या रंगाचा हात फिरवायचा आणि वर नवीन नाव काढायचं. ट्रंक उन्हात तिरकी धरली की रंगाखालून जुनी अक्षरं वर येतात, एकावर एक, पठाणकोटवर सिकंदराबाद, त्यावर जम्मू. त्या ट्रंकेत तळाशी माझं पदवीचं प्रमाणपत्र होतं. १४ वर्षांनी काढलं तेव्हा त्याच्या घड्यांवर कागद तुटला होता आणि माझ्या माहेरच्या आडनावातलं एक अक्षर त्या घडीत गेलं होतं. मी ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचताना मला ते आडनाव आठवलं.

म्हणून, तुझी ट्रंक ट्रकमध्ये चढवायच्या आधी उघड आणि प्रमाणपत्रं बाहेर काढ. एम.ए.च्या आणि बी.एड.च्या गुणपत्रिका, मुलांच्या टीसी, मुलाच्या उपचारांची फाइल आणि त्याचा पंप, डिपेंडंट कार्डं, पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर, हे सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी गाडीत तुझ्या उशाला. आर्मी पब्लिक स्कूलच्या शिक्षकांसाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी दरवर्षी ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट घेते. यंदाच्या अर्जाची तारीख आत्ताच शोधून काढ. तोवर देवळाली-नाशिकरोडच्या शाळांमध्ये तात्पुरत्या जागा निघतात, त्यांना अर्ज दे. १२ वर्षांच्या खंडाबद्दल विचारलं तर मान खाली घालू नकोस. तीन राज्यांत दोन मुलं वाढवलीस, दर बदलीत त्यांना नव्या भाषेत पहिल्यापासून उभं केलंस, हे मुलाखतीत सांगण्यासारखंच आहे. मुलाच्याच शाळेत तुला काम मिळालं, तर तो धाप लागल्याचा फोन तुला बाहेरून येणारच नाही, तू दोन वर्ग पलीकडे असशील.

आणि हे काम पहिल्या वर्षीच सुरू होऊ शकतं ते फक्त कॅम्प-लॅम रोडच्या पट्ट्यातून. गावातून नाही आणि पाथर्डी फाट्याच्या अर्धवट बिल्डिंगच्या हप्त्याखाली तर नाहीच.

या महिन्यात करायचं ते एवढंच: शाळेला फोन, टीसीचा अर्ज, आणि दलालाला सांग की घर १५ जूनपर्यंत ठरेल, टोकन आत्ता नाही. मिस्टर आधी एकटे हजर होतील, त्यांनी आठवडाभर युनिटमध्ये राहून दोन-तीन घरं स्वतः बघावीत, मग तुम्ही मुलांना घेऊन पंजाब मेलने नाशिकरोडला उतरा. तारीख ठरली की मला कळव. विहितगावचं ते १२ हजारांचं घर माझ्यापासून फार लांब नाही. मी जाऊन त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून येते.